राखाडी की पारवा

रविवारी सकाळी अकरा वाजले की मास्तर दुकानातली इस्त्री बंद करायला लावत. मग हात धुऊन, चष्मा पुसून ते कॉम्प्युटरसमोर बसत, खणातल्या कापडी पिशवीतून डिस्क काढत आणि बॅकअप घेत. तो होईपर्यंत दुकानात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, पण कुणी बोलत नसे. काजं-बटणं करणारे काजकाका तेवढ्यात चहा पिऊन घेत. मास्तरांची बायको, म्हणजे लेकीची आई, दुकानातलं सगळं कापणं करी. ती कात्री मिटून बाजूला ठेवी.

त्या रविवारी लेकही आली होती. ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि अंगात तोच हिरवा कोट होता, अकरा वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा मास्तरांनी शिवलेला. मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिने डावा हात खिशात घातला.

"कोट टिकलाय अजून," मास्तर म्हणाले.

"टिकणारच. शिवलाय कुणी?"

"काही तक्रार?"

हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. ट्रायलच्या वेळी माणसाला आरशासमोर उभं करायचं, दोन पावलं मागे सरायचं आणि विचारायचं. चाळीस वर्षांत 'आहे' म्हणणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि त्यांतल्या एखाद्याचं खरं निघालं की मास्तर दोन दिवस कुणाशी बोलत नसत. तिसऱ्या दिवशी बोलत, ते फक्त त्या बाहीबद्दल किंवा त्या कॉलरबद्दल. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

"छे, काही नाही," लेक म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मास्तरांनी मधल्या वेळात काहीतरी टाइप केलं, मग बॅकअप घेतला, डिस्क पिशवीत घातली आणि पिशवीची नाडी ओढली. आदल्या दिवशीच अग्निशमन दलाच्या बँडमधले अकराजण येऊन मापं देऊन गेले होते. नवे कोट शिवायचे होते. मास्तर खुशीत होते. चहात साखर कमी आहे, एवढं एकच ते बोलले.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच, असं डॉक्टर म्हणाले.

तीन आठवडे दुकान बंद राहिलं. चौथ्या आठवड्यात आईने कुलूप काढलं, कारण दलाचा वर्धापनदिन चार आठवड्यांवर आला होता. बँडमास्टर स्वतः येऊन सांगून गेले होते की अडचण असेल तर आम्ही तयार कोट घेऊ, मनावर घेऊ नका. आईने ते मनावर घेतलं. ती म्हणाली, मापं यांनी घेतलेली आहेत, त्यावरच कोट होतील. शिवायला बाहेरचे दोन कारागीर सांगितलेत, आणि कापायला मी आहे. लेकीने कॉलेजातून रजा काढली. मापं कॉम्प्युटरमध्ये होती, आणि कॉम्प्युटर चालवायला आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

तो कॉम्प्युटर बराच म्हातारा होता. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्यावर लिनक्स नावाची प्रणाली घालून दिली होती. या माणसाला दुकानात कॉम्प्युटरवाला म्हणत आणि त्याची पँट दरवेळी लांबीला परत यायची. त्याचं म्हणणं, दुसरं काही या डब्याला पेलणार नाही. मास्तरांना लिनक्स आवडलं. सांगितलं तेवढंच करतं आणि मोठं काही करायच्या आधी पासवर्ड विचारतं. कारागीर असावा तर असा, असं ते म्हणत. त्यांनी त्यात मापांचं रजिस्टर केलं होतं आणि शेवटी एक 'शेरा' नावाचा रकाना ठेवला होता. खरी विद्या त्या रकान्यात होती.

लेकीने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्याच्या कडेला मास्तरांच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'इस्त्री चालू असताना काही विचारले तर नाही म्हणावे.' तिने चिठ्ठी वाचली. इकडेतिकडे पाहिलं. इस्त्री दिसली नाही. कॉम्प्युटर म्हणाला, बरेच दिवसांत अपडेट झालेलं नाही, करू का? ती म्हणाली, कर.

त्याच वेळी मागच्या खोलीत काजकाकांनी महिन्याभराने इस्त्रीची पिन खोचली. दोन्हीचा बोर्ड एकच होता. फट् असा आवाज झाला, दिवे गेले, आणि दिवे परत आले तेव्हा पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं होती. वरून खाली पळत ती एका ठिकाणी येऊन थांबली आणि पुढे हलेनात.

कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो आता दुसऱ्या गावी होता. त्याने शेवटची ओळ वाचायला लावली आणि म्हणाला की याला पॅनिक म्हणतात. गाभाच बदलत होतात आणि मध्येच वीज गेली, म्हणून कॉम्प्युटर घाबरलाय.

"घाबरलाय?" आई म्हणाली. "इथे कुणाला घाबरायला सवड नाही, आणि हा घाबरतोय."

कॉम्प्युटरवाला म्हणाला, बॅकअपची डिस्क आहे ना? आहे. मग मास्तरांना मी रिकव्हरीचा एक पेनड्राइव्ह करून दिला होता, कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा आणि बॅकअप परत घालायचा. दहा मिनिटांचं काम.

डिस्क खणात होती, पिशवीत, नाडीसकट. पेनड्राइव्ह नव्हता. खण उपसले, बटणांचे डबे उलथे केले, चाळीस वर्षांची बटणं जमिनीवर आली. मापं पुन्हा घेता आली असती, हे तिघांनाही कळत होतं. पण अकराजणांना परत बोलवायचं म्हणजे मास्तरांनी शेवटची घेतलेली मापं आपण पाच मिनिटांत घालवली, असं सांगायचं. शिवाय घेणार कोण? टेप मास्तरांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलाच नव्हता. काजकाका एकतीस वर्षं दुकानात होते आणि त्यांनी आजवर फक्त भोकं मोजली होती.

"चूक माझी," लेक म्हणाली.

"इस्त्री माझी," काजकाका म्हणाले.

"आता भांडा त्यावरून," आई म्हणाली.

काजकाका बटणं गोळा करता करता एकदम थांबले. त्यांना आठवलं. पेनड्राइव्ह त्यांनीच शिवला होता. मास्तर म्हणाले होते, चोर आला तर कॉम्प्युटर नेईल, खण नेईल, पण साहेबांचा खांदा कोण नेतो? साहेब म्हणजे दुकानाच्या काचेत उभा असलेला डमी. त्याच्या अंगातल्या करड्या लोकरी कोटाच्या डाव्या खांद्याच्या पॅडमध्ये, दोन थरांच्या मध्ये पेनड्राइव्ह घालून काकांनी वरून बारीक टाके मारले होते.

तिघांनी काचेकडे पाहिलं. साहेब नुसत्या शर्टावर उभे होते.

"कोट कुठाय?" लेकीने विचारलं.

आईने साहेबांच्या शर्टाची कॉलर नीट केली. मग म्हणाली, "भूगोलसर भेटायला आले होते. बिचारे किती वेळ बसले. मापही त्यांचंच. साहेबांच्या अंगावर नुसता धूळ खात होता तो."

भूगोलसर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. ते सकाळी नऊ ते बारा वाचनालयात असतात, हे लेकीला ठाऊक होतं. ग्रंथपालांना अशा माणसांची माहिती आपोआप होते. पण दिलेली वस्तू परत मागायची कशी? वाटेत आईने ठरवलं की मागायचं नाहीच. कोटाला शेवटची इस्त्री राहिली आहे, असं म्हणायचं. ही कल्पना काजकाकांना पटली नाही. सगळा घोळ इस्त्रीनेच केलाय, ते म्हणाले.

भूगोलसर खिडकीजवळ बसले होते. बाहेर चांगलं ऊन होतं आणि सरांनी कोटाची तिन्ही बटणं लावलेली होती. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली आणि कोटाची इतकी स्तुती केली की आईला इस्त्रीचं काढता येईना. परवा एका पुतण्याने मला ओळखलंच नाही, सर म्हणाले, त्याला वाटलं कुणी मोठा माणूस आहे. फक्त एक. याचा डावा खांदा जरा उंच आहे का?

"तेच बघायला आलोय," आई म्हणाली. "काढता का जरा? दोन मिनिटं."

सर संकोचले. ते आईला काही बोलेनात, म्हणून काजकाकांना बाजूला घेऊन त्यांनी कानात सांगितलं. काकांनी येऊन ते सगळ्यांना सांगितलं. कोट मिळाल्यापासून सर शर्टाची फक्त कॉलर आणि पुढची पट्टी इस्त्री करत होते. बाकीचा शर्ट पाहण्यासारखा नव्हता.

"मग अंगावरच उसवतो," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून ब्लेड काढलं.

अशा रीतीने वाचनालयात, वर्तमानपत्रं खाली ठेवून बघणाऱ्या सात वाचकांसमोर भूगोलसरांचा डावा खांदा उसवला गेला. सर अटेन्शनमध्ये उभे होते. काकांनी दोन बोटं आत घातली आणि कापसातून एक छोटी कापडी पिशवी बाहेर आली. पिशवी ओलसर होती.

"ओली कशी?" लेकीने विचारलं.

"परवा कॉलरवर चहा सांडला," सर म्हणाले. "म्हणून रात्रभर बादलीत बुडवून ठेवला."

"लोकरीचा कोट?" आई म्हणाली. "बादलीत?"

पुढची काही मिनिटं पेनड्राइव्हचा विषय मागे पडला. लोकर कशी धुवायची असते हे आईने सरांना सांगितलं, आणि सात वाचकांनाही त्याचा लाभ झाला. सर निमूट ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे दोन आठवडे मी कॉम्प्युटर खांद्यावर घेऊन हिंडत होतो, वहिनी. कुणी बोललं नाही मला." काकांनी खांदा तिथल्या तिथे शिवून दिला. तो आता उजव्याइतकाच झाला. सरांना ते थोडंसं आवडलं नाही.

पेनड्राइव्ह दुपारभर उन्हात ठेवला. पिशवीत त्याच्याबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड होतं आणि ते कोरडं राहिलं होतं. मास्तरांचं अक्षर होतं.

'इस्त्री बंद करावी. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटरचे बटण दाबावे व लगेच एफ बारा दाबत राहावे, भीड बाळगू नये. मग डिस्क जोडावी. तागा म्हणजे डिस्क, टेबल म्हणजे कॉम्प्युटर. कापड ताग्यावरून टेबलावर येते. टेबलावरचे कापड ताग्यावर जाताना मी पाहिलेले नाही. दोरा निवडावा. दोनदा विचारेल, दोनदा होय म्हणावे. माप दोनदा, कात्री एकदा.'

लेकीने कार्ड दोनदा वाचलं. मग आईला आणि काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, बोलतायत असं वाटतं. आई उठून इस्त्रीची पिन काढून आली, आणि इस्त्रीच उचलून शेजारच्या दुकानात ठेवून आली.

चार वाजता पेनड्राइव्ह लावला. लेकीने एफ बारा दाबायला सुरुवात केली आणि कॉम्प्युटर सुरू झाल्यावरही बराच वेळ दाबत राहिली. पडदा निळा झाला. काकांनी टाळी वाजवली. कुठून, तर 'तागा'. कुठे, तर 'टेबल'. इथपर्यंत सगळं कापडासारखं सरळ होतं. मग यादी आली.

यादीत बहात्तर बॅकअप होते. आकडे, महिने, वर्षं काही नाही. मोरपंखी. अंजिरी. शेंदरी. वांगी. गडद वांगी. लिंबू. विटकरी. तारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच तारीख होती, कारण कॉम्प्युटरमधल्या घड्याळाचा सेल केव्हाच संपला होता आणि मास्तरांनी तो बदलला नव्हता. ते म्हणत, शिंप्याला वार लागतो, साल लागत नाही.

लेकीचा सगळा जन्म पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक लावण्यात गेला होता. ती खुर्चीत मागे रेलली.

"यात अडायचं काय?" काजकाका म्हणाले. दुकानाची रीतच ती होती. दर महिन्याला ऑर्डरच्या चिठ्ठ्या नव्या रंगाच्या दोऱ्याने कपड्याला टाचायच्या; दोरा पाहिला की कपडा कुठल्या महिन्याचा ते कळतं. मास्तरांनी बॅकअपलाही त्या त्या महिन्याच्या दोऱ्याचं नाव दिलेलं असणार, दर रविवारचा नवा आधीच्याच्या जागी. चालू दोरा कोणता ते बघायचं, की झालं. मास्तर गेल्यापासून काकांनी रीळ बदललं नव्हतं. ते त्यांनी मशीनवरून काढून आणलं.

"राखाडी," ते म्हणाले.

"पारवा," आई म्हणाली.

यादीत दोन्ही होते.

तिघं रीळ घेऊन दारात गेली. उजेडात दोरा ताणून धरला. काका म्हणाले, राख ती राख, मी रोज बघतो. आई म्हणाली, दोरा मी आणलाय, पारव्याच्या मानेखालचा रंग बघा आणि हा बघा. काका म्हणाले, पारवा एका जागी बसेल तर बघू. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, निळसर आहे, आणि निघून गेल्या. शेवटी दोघांनी लेकीकडे पाहिलं. लेकीला तो दोरा दोरा दिसत होता. पण काका एकतीस वर्षं दोऱ्यात होते, आणि आईशी सहमत व्हायची तिला सवय नव्हती.

"राखाडी," ती म्हणाली.

कॉम्प्युटरने दोनदा विचारलं. ती दोनदा होय म्हणाली. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत राहिली, पाऊण तासाने टोकाला पोचली, आणि कॉम्प्युटर काहीच झालं नसल्यासारखा सुरू झाला. रजिस्टर उघडलं. 'अग्निशमन बँड, ११ नग' समोर आलं. वार होता शनिवार. आईने पदराने पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता.

त्या संध्याकाळी तिघांनी शेरे वाचले आणि महिन्याभरात पहिल्यांदा दुकानात हसण्याचा आवाज आला. ट्रम्पेटवाला: 'माप घेताना श्वास धरतो. सोडेपर्यंत थांबावे.' बँडमास्टर: 'उजवा हात सतत वर. काखेत ढिलाई.' ढोलवाला: 'पोट नाही म्हणतो. आहे.'

ढोलवाला सगळ्यांत मोठा, म्हणून आईने पहिला त्याचाच कोट कापला. कच्ची शिलाई झाली आणि चौथ्या दिवशी ढोलवाला ट्रायलला आला. त्याने एक हात घातला, दुसरा घातला, आणि तो आरशासमोर उभा राहिला. कोटाच्या दोन कडांमध्ये सहज वीतभर अंतर होतं. त्या अंतरातून ढोलवाल्याचं पोट आरशाकडे शांतपणे बघत होतं.

आईने मापांचा कागद काढला. काकांनी चष्मा काढून पुन्हा लावला. ढोलवाल्याने विचारलं, मास्तरांनी कंबर किती लिहिलीय माझी? छत्तीस, लेक म्हणाली. ढोलवाल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू मोठा आनंद पसरला.

"छत्तीस," तो म्हणाला. "हा कागद मला द्याल का? बायकोला दाखवायचाय."

मग त्याला काहीतरी आठवलं. छत्तीस होती, तो म्हणाला, पण मागच्या कोटाच्या वेळी. सहा वर्षं झाली. तेव्हाही मास्तरांनी आम्हा अकराजणांची मापं शनिवारीच घेतली होती. शनिवारी आमची तालीम नसते.

राखाडी दोरा सहा वर्षांपूर्वीच्या एका महिन्याचा होता. एका रात्रीत अख्खा बँड बारीक झाला होता, सगळ्या गावाची पोटं आत गेली होती, आणि सहा वर्षांत वाढलेली पोरं पुन्हा अर्ध्या चड्डीत आली होती.

"मी म्हणाले होते," आई म्हणाली. "पारवा." हे ती पुढे बरेच दिवस म्हणत राहिली, कधी भाजी निवडताना, कधी काहीच कारण नसताना, आणि प्रत्येक वेळी तिला थोडं बरं वाटे.

पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा एफ बारा. या वेळी खुर्चीत आई बसली. कॉम्प्युटरला तिने पूर्वी कधी हात लावला नव्हता. पारव्यावर तिने बोट ठेवलं, दोनदा होय म्हणाली, आणि पट्टी टोकाला जाईपर्यंत तिथून हलली नाही. रजिस्टर उघडलं. ढोलवाला: कंबर चव्वेचाळीस. शेरा: 'आता स्वतःच आहे म्हणतो. सुधारणा.'

ढोलवाल्याला हे वाचून दाखवलं तेव्हा तो गंभीर झाला. मास्तरांचा शेरा असा मिळणं सोपं नव्हे, तो म्हणाला, आणि छत्तीसचा कागद परत करून गेला.

कापलेल्या कोटाचं काय करायचं, हे काकांना नव्या यादीत सापडलं. ट्रँगल वाजवणाऱ्याची आजची मापं ढोलवाल्याच्या सहा वर्षांपूर्वीच्या मापांशी पाव इंचाच्या आत जुळत होती. बाही तेवढी आत घ्यावी लागली. सहा वर्षं नुसता ट्रँगल वाजवून माणूस एवढं कमावतो याचं सगळ्यांना नवल वाटलं. बाकीचे दहा कोट आईने पुढच्या आठवड्यात कापले. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला मास्तरांच्या दुकानाची पट्टी लागली. मशीनवर पारवा दोरा होता.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे कोट इस्त्री होऊन टांगले गेले. इस्त्री दुसऱ्या बोर्डावर होती. रविवार होता. अकरा केव्हाच वाजून गेले होते, पण लेकीने डिस्क काढली. बॅकअप घ्यायचा होता. त्याआधी ती रजिस्टर सहज खाली सरकवत गेली. बँडच्या अकरा ओळींखाली आणखी एक ओळ होती. नावाच्या जागी 'लेक' लिहिलं होतं. वार रविवार. तिने शेरा वाचला.

'हिरवा कोट. डावी बाही पाऊण इंच आखूड. चूक माझी. माप घेताना ती नोकरी लागल्याचे सांगत होती, ऐकत राहिलो, टेप घसरला. अकरा वर्षे तक्रार नाही. हात खिशात घालते. आज पुन्हा विचारले. आपण होऊन काढून घेतला तर मला कळले आहे हे तिला कळेल, म्हणून थांबलो आहे. बाहीच्या दुमडीत दीड इंच ठेवलेला आहे. तक्रार आली की दहा मिनिटांचे काम.'

तिने ते मनात वाचलं. नंतर आईने खांद्यावरून वाकून वाचलं, आणि आईचं होईपर्यंत काकांनी. तिघांपैकी कुणी कुणाकडे पाहिलं नाही. लेक उठली, खुंटीवरचा हिरवा कोट तिने घातला, बटणं लावली आणि ती ट्रायलच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. डावा हात सवयीने खिशाकडे गेला. तो तिने खाली सोडला. मनगटाचं हाड बाहेर दिसत होतं.

काजकाका उठले, मास्तरांच्या मशीनवर गुंडाळून ठेवलेला टेप त्यांनी उचलला आणि गळ्यात घातला. तो त्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच आला होता; एक टोक फार खाली लोंबत होतं. ते आरशासमोर आले, दोन पावलं मागे सरले.

"काही तक्रार?" त्यांनी विचारलं.

लेकीने आरशात पाहिलं. आई कात्री मिटून उभी होती.

"आहे," ती म्हणाली. "डावी बाही आखूड आहे, बाबा. पहिल्या दिवसापासून."